कादंबरी स्वतः छापायची? आधी वही काढा

पलूस तालुक्यातल्या एका शाळेतल्या गुरुजींनी विचारलं आहे: ‘ताई, माझी ७० हजार शब्दांची कादंबरी लिहून तयार आहे. दोन प्रकाशकांनी सहा-सहा महिने ठेवून घेतली आणि साभार परत केली. तिसऱ्यांनी कळवलंय की ५०० प्रतींचे ८५ हजार भरा, बाकीचं सगळं आम्ही बघतो. एवढे पैसे घालायचेच असतील तर स्वतःच का छापू नये? स्वतः छापून पैसे परत येतात का, की नुसतं घर पुस्तकांनी भरतं?’

गुरुजी, घर भरतं. माझं भरलं होतं, आणि मग एका आठवड्यात रिकामंही झालं. ते कसं ते सांगतेच, पण आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. सांगलीत खणभागातल्या एका छापखान्यात मी १८ वर्षं डीटीपी केलं, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून पानं लावली. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, आणि लोकांच्या कविता-कादंबऱ्या. दुसऱ्यांचं लिहिलेलं टाइप करता करता आपल्यालाही जमेल असं वाटायला लागलं. तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि तिन्ही स्वतःच छापल्या: २०१६, २०२१ आणि २०२४ साली. पहिलीत पैसे गेले, दुसरीने दिले, तिसरीचं अजून चालू आहे. शिवाय जिल्ह्यातल्या पंधरा-वीस लेखकांची पुस्तकं माझ्या हातून छपाईला गेली. त्यातली बरीचशी त्यांच्या माळ्यावर आहेत, हेही लपवत नाही.

आधी ते ८५ हजार उकलून बघू. ७० हजार शब्द डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांत लावले की पानाला तीनशेच्या आतबाहेर शब्द बसतात. सुरुवातीची कोरी पानं, अर्पणपत्रिका वगैरे धरून २४० ते २५६ पानं होतात. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे १५ किंवा १६ फर्मे. १८ बाय २३ इंचांच्या एका कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून एक फर्मा बसतो आणि रिमात ५०० कागद असतात. म्हणून ५०० प्रतींना फर्म्यामागे एक रिम. सोळा फर्म्यांना सोळा रिमं, वर दोन वाया जायला धरा. ७० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचं, असं रिम साधारण साडेनऊ किलो भरतं. कागदाचा किलोचा भाव कुठूनही विचारून घ्या, कागदाचा खर्च तुम्हाला घरी बसून काढता येतो. छापखान्यात जाऊन ‘रिमं किती धरलीत?’ एवढं विचारलंत की समोरचा माणूस खुर्ची पुढे करतो.

माझा मागच्या वेळचा हिशेब असा होता. १६ फर्मे, ५०० प्रती, ऑफसेट (म्हणजे पानांच्या प्लेटा करून मशीनवर छपाई): कागद १५ हजार, प्लेटा ५ हजार, छपाई ९ हजार, परफेक्ट बाइंडिंग (पाठीला गोंद लावून बांधणी) ६ हजार, मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्डवर मॅट लॅमिनेशन करून ५ हजार. झाले ४० हजार, म्हणजे प्रत ८० रुपयांना पडली. त्याच्या आधीचं काम, म्हणजे अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठाचं चित्र, २० हजार. एकूण ६० हजार. कागदाचे भाव वरखाली होतात, सांगली-कोल्हापूर-पुण्यात दर वेगळे मिळतील, पण फार इकडेतिकडे होत नाही. एक लक्षात ठेवा: छापील पुस्तक विकताना त्यावर जीएसटी नाही, पण छपाईच्या बिलावर असतो. कोटेशन घेताना कर धरून की सोडून, हे पहिल्यांदा विचारा.

मग ८५ मागणारे वरचे २५ हजार कशाचे घेतात? घेऊ देत, त्यांनाही पोट आहे. तेवढ्यात ते काय देणार, ते बघा. ‘बाकीचं सगळं’ यात विक्री आहे का, ते लेखी विचारा. मी पाहिलेल्या अशा करारांत ‘पुस्तक आमच्या संकेतस्थळावर उपलब्ध राहील’ एवढंच वाक्य असतं. उपलब्ध तर माझ्याकडे लोणच्याची बरणीही आहे.

काही जण आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे, वेगळे दोन-तीन हजार लावतात. गुरुजी, आयएसबीएन फुकट मिळतो. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी आहे, तिच्या पोर्टलवर लेखकाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. वेळ लागतो, कागद परत येतात, पुन्हा पाठवावे लागतात, म्हणून छपाईच्या दोन-तीन महिने आधी अर्ज टाका. दुसऱ्याच्या नावावरचा क्रमांक घेतलात तर पुस्तकाच्या नोंदीत प्रकाशक तोच राहतो. पुढे दुसरी आवृत्ती तुम्ही स्वतः काढायची म्हटलीत की हा गुंता पायात येतो.

करारात आणखी दोन जागा बघा. मूळ फाइल, म्हणजे पीडीएफ नव्हे, ज्यात पानं लावली ती उघडी फाइल, आणि मुखपृष्ठाची थर असलेली फाइल तुम्हाला मिळणार असं लिहून घ्या. माझ्या ओळखीच्या एका लेखकाला दुसऱ्या आवृत्तीसाठी अख्खी कादंबरी पुन्हा टाइप करून घ्यावी लागली, कारण फाइल द्यायला समोरच्याने नकार दिला आणि करारात त्याबद्दल चकार शब्द नव्हता. दुसरी जागा हक्कांची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने हक्क लिहिल्याक्षणी तुमचा असतो, नोंदणी केली नाही तरी. केलीत तर साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क आहे. पण ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ या ओळीखाली सही केलीत तर तो गेला. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. म्हणून ‘कायमचे’ हा शब्द कुठे आहे का, ते शोधा. असला तर खोडायला लावा.

खरं म्हणजे एक गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी होती. तुमचं हे पहिलंच पुस्तक असेल तर खिशात हात घालण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही अशांच्या हस्तलिखितांसाठीच ती आहे. अर्ज ठरावीक काळातच घेतात, निकालाला दिवस लागतात, पण तेवढ्या दिवसांत कादंबरी एकदा परत वाचून होते आणि त्यात तिचं नुकसान काहीच नाही. स्वतः छापून टाकलीत की ही वाट बंद.

आता माझी पहिली कादंबरी. २०१६ साली मी १००० प्रती छापल्या. का हजार? प्रत स्वस्त पडते म्हणून. छापखान्यात बसून रोज हा मोह लोकांना होताना बघत होते आणि माझी पाळी आल्यावर मीही त्यातच पाय घातला. प्लेटा एकदाच करायच्या, मशीन एकदाच लावायचं, पुढे नुसता कागद जातो. म्हणून ५०० ऐवजी १००० म्हटलं की प्रतीमागे पंधरा-वीस रुपये वाचतात. वाचलेले ते रुपये माळ्यावर जाऊन बसतात, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

तीन वर्षांत ३१० प्रती विकल्या, २७० वाटल्या, ४२० घरात राहिल्या. आमचं घर सांगलीच्या गावभागात. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, तिच्या दोन फूट वर माळा, माळ्यावर गठ्ठे. मी निर्धास्त. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आठवड्याने दार उघडलं तेव्हा गठ्ठ्यांच्या सुतळ्या आपोआप तुटलेल्या होत्या, कारण पानं फुगून दुप्पट झाली होती. आतला कागद म्हणजे नुसता लगदा, हात लावला की बोटात यायचा. मुखपृष्ठं मात्र लॅमिनेशनमुळे करकरीत. चिखल पुसला की वर माझं नाव नव्यासारखं चमकायचं. रद्दीवाल्याला हाक मारली तर म्हणाला, ‘वहिनी, ओला कागद घेत नाही मी. वाळवून ठेवा, मग बघू.’ शेवटी महापालिकेच्या डंपरमध्ये गाद्या-गोधड्यांबरोबर टाकलं सगळं.

पण गुरुजी, मला शहाणपण पुराने आलं नाही, त्यानंतर आलं. त्याच दिवाळीत एका वाचनालयाने २५ प्रती मागवल्या. पुरात त्यांचीही कपाटं वाहून गेली होती आणि जिल्ह्यातल्या लेखकांची पुस्तकं परत भरायची होती. माझ्याकडे एकही नाही. मग ज्यांना ज्यांना सप्रेम भेट दिली होती त्यांतल्या जवळच्या साठ-सत्तर जणांना फोन केले, ‘वाचून झाली असेल तर परत द्याल का?’ पंधरा दिवसांत ३१ प्रती आल्या. मला आधी भरून आलं. नंतर एकेक हातात घेऊन बघायला लागले. परफेक्ट बाइंडिंगचं पुस्तक कुणी खरोखर वाचलं की पाठीवर उभी सुरकुती पडते, ती लपत नाही. ३१ पैकी चारच पाठींवर सुरकुती होती. बाकीची पुस्तकं जशी दिली तशी परत आली, माझ्या सहीच्या पानासकट. पैसे देऊन घेतलेल्या दहा जणांनाही विचारून पाहिलं. दोघांनी दिली. बाकीचे, ‘मेहुणा घेऊन गेलाय’, ‘आईच्या उशाशी आहे’, ‘कोल्हापूरला बहिणीकडे आहे, मागू कशी?’

त्या दिवसापासून भेट प्रत बंद. सख्ख्या भावालाही पैसे घेऊन दिली, महिनाभर बोलला नाही, पण वाचली. माझ्या मते स्वतः छापणाऱ्याने शिकायची कला ही एकच आहे: तोंड वर करून पैसे मागणं. छपाईचं काय, ती मशीन करतं.

म्हणून दुसऱ्या वेळी मी आधी वही केली. साधी शंभर पानी वही. डाव्या बाजूला नाव, फोन, गाव. उजवीकडे एकच प्रश्न: हा माणूस ही कादंबरी का विकत घेईल? ‘ओळखीचा आहे’ हे उत्तर चालत नाही. माझी दुसरी कादंबरी विट्याकडच्या एका गलाई कुटुंबाची आहे. तुम्हाला माहीतच आहे, आपल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगली आहेत, तमिळनाडू-केरळपासून पार उत्तरेपर्यंत. पोरं तिकडच्या भाषेत शिकतात, घरी मराठी बोलतात, यात्रेला गावी येतात. या लोकांवर मराठीत किती लिहिलंय, हे तेच मला विचारत होते. त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी आधी एक प्रकरण टाकलं. दुसऱ्या दिवशी कोइमतूरहून फोन: ‘ताई, आम्ही कधी भट्टीवर जातो म्हणत नाही, दुकानावर जातो म्हणतो. तेवढं सुधारा, आणि माझ्या चार प्रती लिहून ठेवा.’ असे दोन महिन्यांत १४० जण वहीत आले. प्रकाशनपूर्व नोंदणी २०० रुपये ठेवली, तर ११८ जणांनी छपाईच्या आधी पैसे पाठवले. २३ हजार ६०० रुपये. छापखान्याला आगाऊ रक्कम मी त्यातूनच दिली.

तुमची कादंबरी कशावर आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. द्राक्षबागायतदारावर असेल तर वाचक तासगाव-कवठे महांकाळात आहेत. शाळेवर असेल तर तुमची गुरुजी मंडळीच केवढी आहे. प्रेमकथा असेल तर अवघड आहे, कारण प्रेमकथेचा वाचक सगळीकडे असतो आणि वहीत कुठेच सापडत नाही. तसं असेल तर आधी प्रतिलिपीसारख्या, मोबाइलवर कथा वाचायच्या ठिकाणी भागाभागाने टाका, वाचक तिथे गोळा करा. काही लेखकांना हे कमीपणाचं वाटतं. मला नाही वाटत. दर आठवड्याला भाग टाकायचा म्हटलं की प्रकरण कुठे तोडायचं ते बरोब्बर कळायला लागतं.

आता प्रती किती छापायच्या. १५० पासून सुरुवात करा, डिजिटल छपाईवर. डिजिटलला प्लेट नसते, म्हणून दहा छापा की दोनशे, दर फारसा हलत नाही. २५६ पानांची प्रत मला १२५-१३० रुपयांना पडली. इथे छापखानेवाला तुम्हाला सांगेल, आणि खोटं नाही सांगणार, की ३०० डिजिटल प्रतींना ३८ हजार लागतात आणि ५०० ऑफसेट ४० हजारांत होतात, मग वेडेपणा का करता? त्याला हो म्हणू नका. १५० प्रतींचे १९-२० हजार, आधीच्या कामाचे २० हजार, असे ४० हजार घाला. छापील किंमत ३२० ठेवा, सवलतीत २४० ला विका. सगळ्या विकल्या तर ३६ हजार येतात. म्हणजे चार हजारांचा खड्डा. हा खड्डा मी शिकवणीची फी समजते. कारण एक तर १५० प्रती खपतात की नाही ते कळतं. आणि खपल्या तर चुका सुधारून, आधीचा २० हजारांचा खर्च पुन्हा न करता, ५०० ऑफसेट छापता येतात, ८० रुपयांनी. त्यातल्या १७० विकल्या की छपाई वसूल, पुढचं सगळं तुमचं. पैसे मिळतात ते दुसऱ्या खेपेला. पहिल्याच खेपेला हजार छापणाऱ्याला दुसरी खेप बघायलाच मिळत नाही.

चुका सुधारून म्हटलं त्याबद्दल. माझ्या पहिल्या कादंबरीचं शेवटचं प्रूफ मी स्वतः वाचलं. १८ वर्षं लोकांची प्रुफं वाचलेली बाई, दुसऱ्याला कशाला देईल? जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर-मोबाइलवर वाचता येईल अशा अक्षरांत, करून घेतला होता. या बदलात मराठीचा एक घात हमखास होतो: ‘ऱ्य’ मधला तो आडवा अर्धा र, त्याचा रफार होतो. दुसऱ्याचं दुसर्या होतं, वाऱ्याचं वार्या, साताऱ्याचं सातार्या. डोळा चुकीला सरावला की दिसत नाही. माझ्या पहिल्याच पानावर वाक्य होतं, ‘शिराळ्याच्या डोंगरातल्या दऱ्या धुक्यात बुडाल्या होत्या.’ छापून आलं, ‘डोंगरातल्या दर्या’. हजार प्रतींवर. दर्या म्हणजे समुद्र. एका समीक्षक गृहस्थांनी भर कार्यक्रमात ‘शिराळ्याला समुद्र आणणाऱ्या लेखिका’ अशी माझी ओळख करून दिली. लोक हसले, मीही हसले, घरी येऊन रात्री कादंबरीभर रफार मोजले. २१२.

म्हणून फाइलमध्ये ‘र्य’ शोधा आणि एकेक तपासा. सगळे एकदम बदलू नका, नाहीतर सूर्य, कार्य, आचार्य बिघडतील आणि आचार्यांचे आचारी होतील. मुद्रितशोधनाला पानाला २० रुपये जातात. २५६ पानांचे पाच हजार. लेखक हेच पैसे पहिल्यांदा वाचवतात. मुखपृष्ठाला आठ हजार देतील, पण प्रूफ वहिनीकडून तपासून घेतील, कारण वहिनी मराठीची एमए. आणि संपादन वेगळं, मुद्रितशोधन वेगळं. तिसरं प्रकरण पहिलं हवं होतं, हे सांगणारा माणूस शोधा. तो नात्यातला नसावा आणि कवी नसावा. (कवींची माफी मागते, पण ते विशेषणं वाढवून देतात.)

पानांबद्दल एक बारीक सूचना. जमत असेल तर २५६ ऐवजी २४० मध्ये बसवा. एक फर्मा कमी, एक रिम कमी, हे तर झालंच. पण २५६ पानांचं डेमी पुस्तक मुखपृष्ठासकट २९० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि पाकिटात घातलं की ३०० च्या वर जातं. २४० पानांचं पाकिटासकट आत राहतं. ग्रॅमवर एवढा जीव टाकायचं कारण पोस्ट. रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा आम्हा सगळ्यांचे हिशेब कोलमडले. मग १ मे २०२५ पासून शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट सुरू झालं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पुढे टप्प्याटप्प्याने ५ किलोला १००, वर कर. पाकीट पोस्टाच्या काट्यावरच मोजून बघा, घरातला किराण्याचा काटा दहा-पंधरा ग्रॅमने खोटं बोलतो.

दुकानांवर फार भिस्त ठेवू नका. दुकानदार ३५-४० टक्के घेतो, वितरक ५० पर्यंत, आणि पैसे विकल्यावर. माझ्या १०० प्रती एका वितरकाकडे दोन वर्षं होत्या. ६० परत आल्या, कोपरे दुमडलेल्या. त्यांची चूक म्हणणार नाही, त्यांच्याकडे माझ्यासारखे शेकडो. वाचनालयं मात्र सोडू नका. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेली अ, ब, क, ड वर्गांतली वाचनालयं आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. अनुदान खर्ची टाकायचं असतं तेव्हा, म्हणजे मार्चच्या आधी, ती पुस्तकं घेतात. पक्कं बिल द्या, सवलत द्या, आणि स्वतः जा. ग्रंथपालाला पुस्तकाचा विषय दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे. शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी ग्रंथालय संचालनालयाकडे पुस्तक पाठवायला विसरू नका. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे छापल्यापासून ३० दिवसांत चार प्रती स्वखर्चाने पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. स्वतः छापणारे हे सहसा करत नाहीत. करा. प्रकाशक आता तुम्ही आहात.

प्रकाशन समारंभ करायचा असेल तर हौसेने करा, विक्रीसाठी करू नका. सभागृह, चहा, भडंग, पाहुण्यांचा प्रवास आणि शाली धरून पंधरा हजार जातात आणि वीस प्रती खपतात. केलाच तर टेबल स्टेजजवळ नको, बाहेर पडायच्या दाराशी लावा. त्यावर क्यूआर कोडचा बोर्ड ठेवा आणि टेबलामागे भाचा बसवा, तुम्ही नको. तुम्ही बसलात की लोक सही मागतात, भाचा बसला की पैसे देतात. आणि छपाई डिसेंबरात उरकू नका. राज्य वाङ्मय पुरस्कारांना त्या-त्या वर्षात निघालेली पहिली आवृत्ती लागते, पहिल्या पुस्तकांसाठी त्यात वेगळा गट आहे. डिसेंबरच्या शेवटी आलेलं पुस्तक कुणी वाचायच्या आत जुनं ठरतं.

ई-पुस्तकाबद्दल थोडक्यात. किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तक टाकता येतं. मजकूर युनिकोडमध्ये लागतो, पॅन आणि बँकेचा तपशील लागतो, खर्च शून्य. भारतात ७० टक्के रॉयल्टी हवी तर केडीपी सिलेक्ट या किंडलच्याच योजनेत जावं लागतं, आणि मग ९० दिवस तेच ई-पुस्तक दुसरीकडे ठेवता येत नाही. छापील प्रत विकायला आडकाठी नाही. मला त्यातून महिन्याला चहा-पोह्याचे पैसे येतात. पण परदेशातला, कधी छापील प्रत मागवणार नाही असा वाचक तिथे भेटतो, म्हणून ठेवलंय. छापल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी टाका.

तेव्हा ८५ हजारांच्या पत्राला आज उत्तर देऊ नका. वही घ्या, शंभर नावं होतात का बघा. चाळीसवर अडलात तर मला कळवा, बहुतेक जण तिथेच अडतात, मीही ३८ वर अडले होते. संक्रांतीला, १४ जानेवारीला, औदुंबरला साहित्य संमेलनाला मी दरवर्षी येते. पलूसहून तुम्हाला ते हाकेच्या अंतरावर आहे. वही आणा आणि कादंबरीची पहिली दोन प्रकरणं कागदावर छापून आणा, मोबाइलवर नको. सगळे ‘ऱ्या’ तिथेच घाटावर बसून बघून देते. लाल पेन माझ्याकडे असतं.